त्रेचाळिसाव्या वर्षी बी.कॉम.: वर्गातल्या दोनशेंपैकी तुमचे चौघे शोधा

प्रश्न संगमनेरकडच्या एका ताईंचा आहे. वय ४३. बारावी कॉमर्स झाल्यावर लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. आता एका पतसंस्थेत लिपिक आहेत, वरच्या पदासाठी पदवी लागते म्हणून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलंय. त्या लिहितात: “वर्ग बहुतेक ऑनलाइनच असतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनशेच्या आसपास मुलं, जवळजवळ सगळी विशीतली. मी कॅमेरा बंद करून गप्प बसते. रात्री वाचलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. या वयात डोक्यात शिरेल का? मुलांच्या वयाच्या मुलांबरोबर शिकायचं कसं? आणि ही पदवी नोकरीत धरतात ना?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तो विषय मनातून निघून जाईल. धरतात. मान्यताप्राप्त विद्यापीठाची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीची पदवी नियमित महाविद्यालयातल्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर पत्रक काढून स्पष्ट केलेलं आहे. स्पर्धा परीक्षांनाही ती चालते. तपासायचं ते एवढंच, की तुमच्या प्रवेशाच्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची (डीईबीची) मान्यता आहे का. ती यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. आता प्रवेशाआधी या विभागाचा विद्यार्थी क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी काढावा लागतो, आणि त्याच्याही आधी एबीसी आयडी, म्हणजे आपले शैक्षणिक श्रेयांक जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक. हे दोन्ही तुमच्या नावावर असतील तर काळजीचं कारण नाही. वैद्यकीय, अभियांत्रिकी, नर्सिंग, कायदा असल्या पदव्या दूरस्थ पद्धतीने मिळत नाहीत, आणि “तीन वर्षांची पदवी एका वर्षात” अशी जाहिरात कुणी दाखवली तर तिकडे फिरकूही नका. तुमच्या बी.कॉम.ला यातलं काहीच लागू नाही.

आता खरा प्रश्न. मी अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे. पूर्वी रविवारी वर्ग भरायचे, आता बहुतेक पडद्यावर भरतात. मोठ्या वयाचे विद्यार्थी का गळतात हे मी जवळून पाहिलंय, आणि बुद्धी कमी पडली म्हणून गळालेलं माणूस मला फार क्वचित भेटलं. बहुतेक जण गळतात ते एकटे पडतात म्हणून. एक स्वाध्याय राहतो, मग दुसरा राहतो, आणि “काय हो, दिसला नाहीत” असं विचारणारं कुणी नसतं. म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीवर येऊन थांबतं: त्या दोनशेंमधून तुमचे चौघे शोधा आणि आठवड्यातला एक ठरलेला तास त्यांच्याबरोबर अभ्यास करा. पुस्तकं, व्हिडिओ, नोट्स हे सगळं त्याच्यानंतर.

पण आधी “आठवत नाही” बद्दल. वयाबरोबर नवी गोष्ट झटकन उचलण्याचा वेग थोडा कमी होतो, हे खरं आहे. शब्दसंपदा, व्यवहाराची समज, एका गोष्टीचा दुसरीशी मेळ घालणं हे मात्र चाळिशी-पन्नाशीत चांगलंच तयार झालेलं असतं. तुमची अडचण मला वयापेक्षा वाचण्याच्या पद्धतीत दिसते. तुम्ही रात्री धडा दोनदा-तीनदा वाचत असाल, महत्त्वाच्या ओळींखाली रेघ मारत असाल. पान ओळखीचं वाटायला लागतं आणि वाटतं, झालं. परीक्षेत मात्र पान समोर नसतं.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के, लिहिणाऱ्यांचे ७५. आठवड्याने तपासलं तर उलटं झालं. लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. यातले पहिले आकडे नीट बघा. पुन्हा वाचणाऱ्याला त्या क्षणी खरंच जास्त येत असतं, म्हणून तर आपण फसतो.

तेव्हा घटक एकदा वाचा, पुस्तक मिटा, आणि आठवेल ते वहीत लिहा. मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. सुरुवातीला वहीत आपली शाई कमी आणि दुसऱ्या रंगाचीच जास्त दिसेल. ते तसंच व्हायला हवं, घाबरू नका.

हे रोज एकटीने करणं मात्र कठीण आहे, हेही सांगते. दिवसभर नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक, आणि मग मिटलेल्या पुस्तकासमोर बसून आपल्याला किती कमी येतं हे बघायचं. कुणाचंही मन माघार घेतं. हार्वर्ड आणि एमआयटीने ऑनलाइन सुरू केलेल्या मोफत अभ्यासक्रमांचा हिशोब दोन संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला होता. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम ३ टक्के निघाले, आणि निम्म्याहून जास्त नोंदणीदारांनी तर धडा उघडूनही पाहिला नव्हता. उत्तम शिक्षक, उत्तम व्हिडिओ, आणि तेही फुकट असताना. तुमची पदवीची गोष्ट वेगळी आहे, फी भरली आहे, परीक्षा आहे. तरी कुणाला वाट पाहायला लावलेली नसेल तर अभ्यास उद्यावर जातो, हे दोन्हीकडे सारखंच.

आता ते चौघे. दोनशेंचा ग्रुप सूचनांसाठी ठेवा: परीक्षा अर्जाची तारीख, वेळापत्रक, समंत्रकांची लिंक. तिथं अभ्यास होत नाही. तिथं शुभसकाळ येते, “सर पीडीएफ टाका” येतं, आणि आजकाल चॅटजीपीटीकडून काढलेली तयार उत्तरं येतात. ती उत्तरं साठवू नका. तयार उत्तर वाचणं म्हणजे पुन्हा तेच ओळखीचं वाटणं, आणि त्यातलं काय चुकलंय हे ओळखण्याइतकं अजून तुम्हाला येत नाही.

त्या ग्रुपवर एक साधा निरोप टाका. असा: “नमस्कार. मी पतसंस्थेत काम करते, घर सांभाळून बी.कॉम. करते आहे. दर बुधवारी रात्री साडेनऊ ते साडेदहा गूगल मीटवर अभ्यासाला बसणार आहे. या आठवड्यात आर्थिक लेखांकनाचा पहिला घटक. चार-पाच जण हवेत. येणाऱ्यांनी मला वेगळा मेसेज करा.” वार, वेळ आणि घटक लिहिल्याशिवाय पाठवू नका. “कुणी एकत्र अभ्यास करायचा का?” असं विचारलं तर तीस अंगठे येतील आणि बुधवारी कुणी येणार नाही. पहिल्या आठवड्यात एकच जण आला तरी चालवा. दोघांचा तासही तासच असतो. तोंडओळख झाली की पुढचे आपोआप येतात.

एकाच वयाचे, एकाच गावचे गोळा करू नका. एखादा नुकता बारावी झालेला, एखादा दुकानदार, कंपनीत पाळी करणारा कुणी, आणि तुम्ही. पाचापेक्षा जास्त नकोत, नाहीतर दोघं बोलतात आणि बाकीचे कॅमेरा बंद करून ऐकतात. गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा अधिक माणसं असली की साठ मिनिटांनी कॉल बंद होतो, आणि ती मर्यादा माझ्या विद्यार्थ्यांना उपयोगीच पडते. बरोबर तासाने उठता येतं, घरच्यांनाही खात्री असते.

तासात काय करायचं? पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी आवाज बंद करून, पुस्तक मिटून, एकाच प्रश्नाचं उत्तर हाताने लिहायचं. पंधराव्या मिनिटाला जे झालं असेल त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, अर्धवट असलं तरी. मग एकेकाने आपलं वाचायचं आणि बाकीच्यांनी पुस्तकाशी ताडून बघायचं. शेवटची दहा मिनिटं पुढच्या बुधवारचा प्रश्न ठरवायला. या तासात नवीन शिकवणं नाही. ज्याने घटक वाचलेला नाही त्यानेही बसून लिहायचं, कोरा कागद आला तर कोरा. पुढच्या वेळी तो वाचून येतो.

असा एक तास मी बाहेरून ऐकत होते. विषय मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. विशीतल्या एका मुलीने व्याख्या घडाघड म्हटली, सूत्रही सांगितलं. उदाहरण विचारलं तर अडली. त्या गटात किराणा दुकान चालवणारे पन्नाशीचे एक गृहस्थ होते, व्याख्येच्या नावाने त्यांचा कागद रिकामा होता. ते म्हणाले, “मिठाचा भाव वाढला म्हणून गिऱ्हाईक मीठ कमी नेत नाही. पण पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा सहाला केला की पोरगं लगेच दुसऱ्या कंपनीचा मागतं. म्हणून कंपनी भाव पाचच ठेवते आणि आतली बिस्किटं कमी करते.” क्षणभर कुणी बोललं नाही. मग ती मुलगी म्हणाली, “काका, म्हणजे मीठ अलवचिक आणि बिस्किट लवचिक. आणि पर्यायी वस्तू मिळते म्हणून लवचिक, हा मुद्दा पुस्तकात तिसरा आहे.” त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला, तिने मिठाचं उदाहरण. दोघांचीही उत्तरं आता पूर्ण झाली होती. मी शिकवलं असतं तर मीही मीठच सांगितलं असतं, पण आतल्या बिस्किटांपर्यंत मी पोचले नसते.

तुमच्याकडे असं काय आहे, ते बघा. तुमच्या वर्गातल्या मुलांना लेखांकनात सगळ्यात जड जातं ते हे, की ठेव ही संस्थेची देणी आणि कर्ज ही संस्थेची येणी. घरी पैसे ठेवले की ते आपले असतात, म्हणून ठेव मालमत्तेच्या बाजूला लिहून टाकतात. तुम्ही हे रोज खिडकीत बसून करता. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हा प्रवास त्यांच्यासाठी चार धडे आहेत, तुमच्यासाठी मार्च महिना आहे. तुमच्या संस्थेचा छापील वार्षिक अहवाल, जो सगळ्या सभासदांना मिळतो, तो घेऊन बसा आणि त्यातल्या ताळेबंदाच्या दोन्ही बाजू त्यांना वाचून दाखवा. खातेदारांची माहिती अर्थातच नाही. बदल्यात घसाऱ्याच्या, म्हणजे वापराने वस्तूची किंमत घटते तिच्या, दोन पद्धतींमधली आकडेमोड किंवा संगणकावरचं काम त्यांच्याकडून शिकून घ्या. मुलं हे फार आनंदाने शिकवतात, कारण त्यांनाही आपलं कुणी मोठ्या माणसाने मन लावून ऐकलं असं सहसा होत नाही.

ती मुलं तुम्हाला काकू म्हणतील. म्हणू देत. मात्र एक गोष्ट सांभाळा, ही मी अनेकींच्या बाबतीत पाहिली आहे. मोठ्या वयाची बाई गटात आली की हळूहळू ती गटाची आई होते. सगळ्यांना तारखांची आठवण करून देते, कुणाची फी राहिली ते बघते, रुसवेफुगवे मिटवते, आणि तिची स्वतःची वही मागे पडते. घरी हे करतोच आपण. इथं तुम्ही विद्यार्थिनी आहात. आठवण करून देण्याचं काम पाळीपाळीने वाटून घ्या.

त्याची दुसरी बाजूही आहे. ऑनलाइन अर्ज, कागद स्कॅन करणं, ओटीपी, स्वाध्यायाची पीडीएफ करून चढवणं ही कामं गटातल्या मुलाकडे किंवा स्वतःच्या लेकाकडे देऊन मोकळ्या होऊ नका. पहिल्यांदा त्यांनी शेजारी बसून दाखवावं, बोट मात्र तुमचं फिरलं पाहिजे. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख नेमकी लेक गावाला गेलेला असतानाच येते.

वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटते ना, त्यावर उपाय सोपा आहे: बोलू नका, लिहा. चॅटमध्ये लिहिलेला प्रश्न आम्हाला दिसतो आणि तुमच्या आवाजाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण “समजलं नाही” असं लिहू नका. “पान अमुक, दुसरं उदाहरण, यंत्राच्या किमतीत वाहतूक खर्च का मिळवला?” असं लिहा. एवढा नेमका प्रश्न आला की शिकवणाऱ्याचा चेहरा उजळतो, खरं सांगते. दोनशे मुलांच्या शांत पडद्यासमोर बोलत राहणं आम्हालाही जड जातं, आणि असा एक प्रश्न आला की कळतं, समोर कुणीतरी वही उघडून बसलंय. तुमचा प्रश्न बहुतेक वेळा आणखी पन्नास जणांचाही असतो. कॅमेरा सगळ्या तासभर नको. हजेरीच्या वेळी किंवा प्रश्न विचारताना मिनिटभर सुरू करा, म्हणजे समंत्रकांना तुमचा चेहरा ओळखीचा होईल. पुढे अडचण आली तर फोन करणं सोपं जातं.

आणि या वर्गात आपण पाहुण्या आहोत असं मनातही आणू नका. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली निघालं, राम ताकवले पहिले कुलगुरू होते आणि ब्रीदवाक्य ठेवलं “ज्ञानगंगा घरोघरी”. ज्यांना महाविद्यालयाच्या दारापर्यंत जाता आलं नाही त्यांच्यासाठीच ते उभं राहिलं. त्याच्याही खूप आधी, १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं तेव्हा तिथं मोठ्या वयाच्या विवाहित आणि विधवा बायका शिकायला येत. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा भरली, तिथं साठीच्या पुढच्या बायका पाटी घेऊन बसल्या. वयाने मोठं होऊन शिकण्याची वाट आपल्याकडे चांगली रुळलेली आहे.

घरचं थोडक्यात. बुधवारचा तास घरात सगळ्यांना आधीच सांगून टाका, दर आठवड्याला परवानगी मागायला लागू नये. मूल दहावी-बारावीला असेल तर एकाच टेबलावर दोघांनी बसा. वहीत न बघता लिहिण्याचं रोजचं काम पाऊण तासाच्या वर नेऊ नका आणि रात्री अकरानंतर तर नकोच. दमलेल्या डोक्याने लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही आणि मग दोष वयाला लागतो. पहाटेची सवय असेल तर पहाटच बरी.

एक गोष्ट मात्र आजपासून करायची आहे, कारण ती आयत्या वेळी होत नाही: हाताने सलग लिहिणं. पतसंस्थेत तुम्ही व्हाउचर भरता, बाकी सगळं संगणकावर. तीन तास पेन चालवायची सवय हाताला राहिलेली नसते. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचे गुण जितके न आल्यामुळे जातात त्यापेक्षा जास्त पेपर अपुरा राहिल्यामुळे जातात. शेवटचे दोन प्रश्न येत असतात, घंटा होते. म्हणून या महिन्यात एक प्रश्न घड्याळ लावून, पुढच्या महिन्यात सलग दोन, आणि परीक्षेच्या दीड महिना आधी जुन्या प्रश्नपत्रिकेचा अख्खा पेपर एका बैठकीत. हा शेवटचा गटाने मिळून करा. रविवारी सकाळी सगळ्यांनी एकाच वेळी सुरू करायचा. साठ मिनिटांनी कॉल तुटला की पुन्हा जोडायचा आणि त्या निमित्ताने किती झालं ते एकमेकांना सांगायचं. मग उत्तरपत्रिकांचे फोटो अदलाबदल करून तपासा. दुसऱ्याचं अक्षर वाचायला लागलं की आपलं अक्षर परीक्षकाला कसं दिसत असेल ते कळतं, आणि मुद्द्यांखाली रेघ, दोन उत्तरांमध्ये जागा, आकडे एका रांगेत या सवयी न सांगता लागतात.

परीक्षा केंद्र तुमच्या अभ्यासकेंद्रापेक्षा वेगळं येऊ शकतं. हॉल तिकीट हाती आलं की आधी तेच बघा. गटातल्या कुणाचं केंद्र तेच असेल तर पहिल्या पेपरला एकत्र जायचं ठरवा. पडद्यावर ओळखीची झालेली माणसं त्या दिवशी फाटकाशी उभी दिसली की बरं वाटतं.